खचलेल्या माणसाचं सोंग

अंबडच्या एका कॉलेजात माझी चहाची टपरी. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो न्हाई. गावात सोंगं काढायला मात्र मलाच बोलवायचे. थोबाडच तसं हाये. म्हणून ट्रेनिंगच्या दिवशी कॉलेजातल्या मॅडमनी मला धरलं. मन खचलेल्या माणसाला पोरांनी कसं सावरायचं, डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं, याचं ट्रेनिंग.

"मामा, तुम्ही खचलेला माणूस व्हा."

व्हायचं काय होतं? बायको गेल्यापासून झोप उडाल्ती. आता पुरे, संपवून टाकावं, हेच डोक्यात चालू होतं. कुणाला सांगितलं न्हवतं. आपलं रडणं ऐकूनबी लोक हसतेत.

खुर्चीवर मान खाली घालून बसलो, तर हॉल आधीच खिदळायला लागला. एका पोरानं विचारलं, "मामा, काय होऊन राह्यलं?"

"कशातच मन लागून न्हाई राह्यलं."

"मंग दुसरं लग्न करा की."

"सल्ला द्यायचा न्हाई, ऐकायचं," मॅडम म्हणल्या. पोरगं खाली बसलं.

मंग एक पोरगी आली. तिच्या अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. शिकवल्याप्रमाणं तिनं सरळच विचारलं, "मामा, जीव द्यायचा विचार येतो का?"

"मी मेलो तर इतका पाणचट चहा तुम्हाला कोण पाजंल?"

हॉल हसला. ती हसली न्हाई. "येतो का?"

दुसरा जोक तयार होता, पण तोंडातून निघंना.

"येतो," म्हणलो. "रोज येतो."

टाळ्या पडल्या. "मामा बिलकुल खरं करून राह्यला," मागून कुणी म्हणलं. मॅडमनीबी पुढच्या गटाला बोलावलं. सुटलो म्हणून मी उठलो, तर पोरीनं मनगट धरलं.

"मॅडम, रुका. हे सोंग न्हाई."

टाळ्या थांबल्या.

"सोंगच हाये, सोड," मी म्हणलो. हसायला गेलो, तर ओठ ऐकंना.

"मंग हात का थरथरून राह्यले?"

"म्हातारपण, दुसरं काय."

"सकाळी भरली किटली एका हातानं उचलली तुम्ही."

मॅडमनी हॉल रिकामा केला, पोरीला तेवढं थांबवलं. जवळ बसून हळूच विचारलं, "घरी कोण हाये?"

"कोणीच न्हाई."

"मंग एकटं सोडणार न्हाई. आत्ताच डॉक्टरकडं जायचं."

जालन्याच्या बसमधी दोघींच्या मधी मी, पोलिसांनी कोंबडीचोर धरल्यावानी. दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, "काय त्रास होतो?"

"साहेब, मला काय धाड भरली..."

पोरगी दारातच उभी होती. माझ्याकडंच बघत होती. मंग मी सगळं खरं सांगितलं.