घरमालककाकांचं रीडिंग

मला वाचवलं ते आमच्या घरमालककाकांनी. कशातून वाचवलं ते पुढे येईलच, पण आधी त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण ते स्वतः कधी घेणार नाहीत. आणि आधीच सांगून ठेवतो, इतका रिकामा आणि तरीही इतका कामात बुडालेला माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कोराडीच्या वीजघरात त्यांनी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघत काढली. रिटायर झाले, नागपूरला लागून असलेल्या वाडीत घर बांधलं, आणि मग त्या घराचंच वीजघर केलं. जिन्याखाली एक टेबल, टेबलावर लांबलचक रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं पेन. दर तासाला काका चप्पल घालून फेरी मारणार. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, थर्मामीटरचा पारा किती, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती, सिलिंडर किती दिवसांपूर्वी लावला, कढीपत्त्याला नवीन पानं फुटली का. सगळं रकान्यात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बहुतेक वेळा "नॉर्मल" असं लिहिलेलं असे, फक्त एका रविवारी मी "काकू – प्रेशर जास्त" असं वाचलं आणि गुपचूप जिना चढून वर गेलो.

काकूंना याचा भारी राग. "माह्या कुकरच्या शिट्ट्याही लिहून ठेवते हा माणूस," त्या मला सांगायच्या, "मी मेली त हा वेळ आधी लिहीन, रडन मंग." काकांच्या भाचीच्या लग्नातली गोष्ट तर त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. पंगत बसली तरी काका मंडपामागच्या जनरेटरपाशी उभे. त्याच्या आवाजावरून त्यांनी ठरवलं की लोड जास्त झालाय, आणि कोणाला न विचारता दोन हॅलोजन बंद केले. नेमकी त्याच वेळी नवरी मांडवात आली. फोटोत नवरीची फक्त नथ दिसते. काका मात्र आजही ठाम आहेत, "फोटो गेला, पण जनरेटर वाचला."

मी माण तालुक्यातला. नववीत शाळा सोडली, दोनचार ठिकाणी हमाली केली आणि ट्रान्सपोर्टवाल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नागपूरला आलो. वाडीच्या गोदामात पार्सलवर ठिकाणाचं नाव आणि नंबर घालायचं काम. गाव इतकं लांब की आईशी फोनवर बोलताना आधी तिकडचा पाऊस आणि इकडचं ऊन यांचीच चौकशी होते. एक दिवस खोक्यांची थप्पी माझ्यापासून वीतभर अंतरावर कोसळली. लागलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून छाती धडधडायची, डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी महिनाभरासाठी एक गोळी लिहून दिली. तो महिना मी दोन वर्षं चालवला. तोच कागद या दुकानात, त्या दुकानात दाखवत राहिलो. गोळी घेतली की जग कापसात गुंडाळल्यासारखं वाटायचं. मग एका सकाळी मी अकोल्याच्या चाळीस पार्सलांवर चंद्रपूर लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. मॅनेजर ओरडला नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला. त्याची मला जास्त भीती वाटली. त्याच संध्याकाळी मी शहाणपणा केला आणि गोळी एकदम बंद केली.

तिसऱ्या दिवशी मी काकांच्या जिन्यावर बसून होतो. खोलीपर्यंत चढवत नव्हतं. हात थरथरत होते, घामाने शर्ट भिजला होता, डोक्यात मधूनच विजेचा झटका बसल्यासारखं होत होतं, आणि अमरावती रोडवरचा प्रत्येक ट्रक माझ्या कवटीतून जात होता. काका पाचच्या फेरीला निघाले होते.

"काहून बसला गा इथं?"

मी सगळं सांगून टाकलं. गोळीचं, दोन वर्षांचं, एकदम बंद केल्याचं. मला वाटलं, आता म्हणतील खोली खाली कर. काकांनी माझ्या कपाळाला हात लावला, मनगट धरून घड्याळाकडे बघितलं आणि एकदम चिडले. पण गोळी खाल्ल्याबद्दल नाही.

"फुल लोडवर चालता विजेचा संच असा फटकन बंद करते का कोणी? कोणं शिकवलं तुले? लोड उतरवावा लागते. थोडा थोडा. चाल, दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नेमकं तेच सांगितलं, फक्त त्यात संच नव्हता. अशी गोळी एकदम सोडायची नाही, त्यात जिवाला धोका असतो. आधी पाऊण, काही आठवड्यांनी अर्धी, मग पाव, आणि दर पंधरा दिवसांनी येऊन दाखवायचं. बाई बोलत होत्या तोवर काका मान डोलवत होते, जणू एखादा ज्युनिअर इंजिनिअर पहिल्यांदाच बरोबर उत्तर देतोय. बाहेर आल्यावर त्यांनी बाईंचा तक्ता रजिस्टरच्या पुठ्ठ्याला चिकटवला. गोळ्यांचं पाकीट काकूंच्या देवघरातल्या डब्यात गेलं.

सकाळची पाळी मला झेपायची. गोदामात गडबड असते, माणसं असतात. दुपारी तीनला सुटून खोलीवर आलो की चार ते सात हे तीन तास अंगावर यायचे. हातापायांना मुंग्या, जिवाची नुसती तगमग, आणि मनात एकच गोष्ट. एक गोळी. अर्धी तरी. हे तीन तास काकांनी माझ्याकडून काढून घेतले. म्हणजे सरळ सांगितलं, "उद्यापासून चार ते सातची शिफ्ट तुही. दर अर्ध्या तासानं रीडिंग."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी चारला खाली उतरलो तर काका ताठ उभे. "चार्ज घ्या, ऑपरेटर," म्हणाले. एरवी मला अरेतुरे करणारा माणूस शिफ्टपुरता अहोजाहो करायचा. मी सही केली आणि सुटलो गच्चीवर. काठीने टाकी मोजायची, पारा वाचायचा, कढीपत्त्याची पानं मोजायची, मग गच्चीच्या कठड्याशी उभं राहून पाच मिनिटांत ताडपत्री बांधलेले ट्रक किती गेले आणि कुठल्या राज्याचे, ते लिहायचं. ट्रकांचा रकाना खास माझ्यासाठी वाढवला होता. एकदा मी विचारलं, "काका, पानं साधारण दोनशे लिहू का?" काकांनी पेन खाली ठेवलं. "अंदाज बायको घेते. ऑपरेटर रीडिंग घेते." आतून काकूंचा आवाज आला, "बायकोच्या अंदाजावरच चालून राहिला तुमचा संसार!"

एके दिवशी चारच्या रीडिंगनंतर माझ्याच्याने उठवेना. मी वर गेलोच नाही, पायरीवर बसून चारचे आकडे साडेचारला उतरवले आणि पुन्हा पाचला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "टाकी तशीच?" "हो." "मी चारलेच नळ उघडून ठेवला होता गा. अर्धी टाकी खाली झाली. सारखंच रीडिंग आलं म्हणजे समजायचं, ऑपरेटर झोपला नाही त खोटा." काकूंच्या बागेत तेव्हा चिखल झाला होता आणि त्याचं पुढे दोन दिवस काकांनाच ऐकावं लागलं. पण मी भडकलो. म्हटलं, "काका, पानं मोजून कोणाचा आजार गेलाय का? माझ्या अंगात काय चाललंय तुम्हाला कळतंय का?"

काका माझ्या शेजारी पायरीवर बसले. "हे पाह्य," ते म्हणाले, "टर्बाइन बंद केला ना, तरी आम्ही त्याले थांबू देत नव्हतो. आत शाफ्ट तापलेला असते, हत्तीएवढा. तसाच उभा ठेवला त वाकते. मंग एक लहानशी मोटर लावून त्याले फिरवत ठेवायचं, हळूहळू. वीज नाही बनत त्यातून, काहीच नाही बनत. फक्त वाकू नाही म्हणून. थंडा होयेपर्यंत." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "पानं मोज जा."

त्या दिवसानंतर मी खोटं रीडिंग लिहिलं नाही. पाऊण संपली, अर्धी संपली, पाव संपली. शेवटची पाव गोळी घेतली त्या दिवशी काकूंनी पुरणपोळी केली आणि काकांनी शेऱ्यात लिहिलं, "लोड शून्य." मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर दहाव्या दिवशीची ही गोष्ट. सकाळपासूनच सगळं बिनसलं होतं. जुनं सगळं परत आलं, मुंग्या, धडधड, आणि त्यावर ही भीती की आता हे कायमचंच. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, असे दिवस येतील आणि जातील, फार झालं तर मला भेट. पण त्या क्षणी मला बाई आठवल्या नाहीत. डॉक्टरांचा तो जुना कागद आठवला, पैशांच्या पाकिटात चार घड्या घालून ठेवलेला. वाडीतले सगळे मेडिकलवाले काकांच्या ओळखीचे. म्हणून पाचचं रीडिंग देऊन "केस कापून येतो" असं सांगितलं आणि बस पकडून थेट सीताबर्डी गाठली. व्हरायटी चौकात उतरलो. समोर मेडिकल. मधे फक्त रस्ता. आणि नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजला. गजर होता, साडेपाचच्या रीडिंगचा, काकांनीच लावून दिलेला.

आता इथे माझी जी चूक झाली ती काकांच्या घरात राहिलेला माणूसच करू शकतो. चोरी करायला निघालेल्या माणसाने मुकाट गजर बंद करावा की नाही? पण चार महिन्यांत माझी एकही वेळ चुकली नव्हती. रकाना रिकामा राहणार, या विचाराने मला गोळीपेक्षा जास्त कासावीस झालं. मी काकांना फोन लावला.

"काका, साडेपाचचं रीडिंग चुकणार."

"कुठून बोलून राहिला?"

"सीताबर्डी."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं. त मंग तिथलं दे."

"तिथलं काय देऊ?"

"डोळे आहे ना? डाव्या हाताले काय आहे?"

"गॉगलवाला आहे, काका."

"फळीवर किती गॉगल?"

"असतील पन्नासेक."

"ऑपरेटर!"

मी मोजायला लागलो. दोनदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून. गॉगलवाला बघत होता. "भाऊ, घेणं आहे का इन्कम टॅक्सवाले आहात?" अठ्ठावन्न. लिहिलं. वरून मेट्रो गेली. डबे किती? तीन. लिहिलं. सिग्नल लाल किती वेळ राहतो? त्यात ऑटो किती थांबले? उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांची एक फेरी किती वेळाची? मी सांगत होतो, काका प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून लिहीत होते, आणि मागून काकू म्हणत होत्या, "अहो, पोराले घरी तरी येऊ द्या, का सीताबर्डी विकत घेता?" कधीतरी माझा श्वास सरळ झाला. मग काका म्हणाले, "आता खिशात काय काय आहे?"

"किल्ली. कंगवा. बसचं तिकीट." मी पाकीट चाचपलं. "आणि एक कागद."

"कायचा, ते नाही इचारलं मी. घड्या किती?"

"चार."

"चार. लिहिलं." आणि लगेच पुढे, "सहाचं बसमधलं दे. साडेसहाचं रीडिंग घरचं पायजे. बस पकड."

मी रस्ता ओलांडला नाही. साडेसहाला मी गच्चीवर टाकीत काठी बुडवत होतो. खाली येऊन रजिस्टर बघितलं तर अख्ख्या पानावर गॉगल, ऑटो आणि घुंगरं, आणि शेऱ्यात, "नॉर्मल." केस न कापता आल्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. मी तो कागद टेबलावर ठेवला. काकांनी त्याच्या चार घड्या उलगडल्या, पालथा घातला, कोरी बाजू वर केली आणि पट्टी घेऊन उद्याचे रकाने आखायला बसले.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेले असताना काकूंनी मला शेवयांच्या खिरीची वाटी दिली आणि म्हणाल्या, "तुले वाटत असन काकायले वेड लागलं. रिटायर झाले ना बेटा, त तीन महिने हा माणूस पाचच्या ठोक्याले कपडे घालून दारात उभा राहे. हात असे थरथरे. जेवण नाही, झोप नाही. मंग मीच बाजारातून हे रजिस्टर आणून देल्लं. म्हटलं, लिहा काय लिहाचं ते." आणि लगेच पदराने डोळे पुसत, "तवा का मले माहीत होतं, हा माह्या शिट्ट्या लिहीन म्हणून."

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. गोळी नाही. वाईट दिवस अजूनही येतो, पण येतो तसा जातो, आणि मी डॉक्टरबाईंना सांगायला लाजत नाही. अकोल्याची पार्सलं अकोल्याला जातात. आई विचारते, तिथं तुझं कोण आहे रे, आणि मी तिला आजचा पारा सांगतो.

काकांचे गुडघे मात्र थकले. हल्ली ते तिसऱ्या पायरीपर्यंत चढतात, कठडा धरून उभे राहतात आणि वर बघून ओरडतात, "पारा किती?" मी गच्चीवरून ओरडून सांगतो. परवा त्यांनी बेचाळीसच्या जागी चोवीस लिहिलं, मे महिन्यात. मी रजिस्टर तसंच मिटलं. रात्री काकूंनीच खोडून बरोबर केलं असावं, कारण सकाळी तिथे वेगळ्या अक्षरातला आकडा होता.

अजून त्यांनी मला पूर्ण चार्ज दिलेला नाही. चार ते सात, बस. पण एक दिवस त्यांना तिसरीही पायरी चढवणार नाही, तेव्हा मी विचारत बसणार नाही. सुतळीचं ते पेन उचलीन, काकांची खुर्ची टेबलापाशी ओढून देईन आणि चोवीस तासांची फेरी घेईन. टाकी, पारा, कढीपत्ता, काकूंच्या शिट्ट्या, आणि काकांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या वेळाही. अंदाजाने एकही आकडा लिहिणार नाही. त्यांनी फक्त खाली बसून विचारायचं, "किती?"