समुद्राचं पाणी वजा करून

मी नद्यांची मॉडेलं करते, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकते. रेवदंड्याच्या खाडीला मिळणाऱ्या नदीचं घाटमाथ्यापासूनचं सगळं पाणलोट क्षेत्र संगणकावर चौकोनांत कापायचं, प्रत्येक चौकोनाला त्याची माती, उतार, झाडी आणि पाऊस द्यायचा आणि पुलापाशी पाणी किती चढेल ते काढायचं. पुलावर खरोखर मोजलेल्या पाण्याशी ते जुळेपर्यंत मातीचे आकडे पिळत बसायचं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. काही वर्षांच्या नोंदी मात्र झाकून ठेवायच्या आणि शेवटी त्यांच्यावर मॉडेलची परीक्षा घ्यायची, ते व्हॅलिडेशन.

माझं मॉडेल दोन्हीत इतकं सुरेख जुळलं की मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. पूल खाडीपासून फार लांब नव्हता, तेव्हा भरती तिथवर चढत असेल असं सुरुवातीला वाटलं होतं. पण नोंदवहीतल्या आकड्यांत भरतीचा मागमूस नव्हता. पाणी चढायचं ते पावसाबरोबर आणि उतरायचं तेही पावसाबरोबर. भरती इथवर येत नाही असं मी ठरवलं आणि मॉडेलमधून समुद्र काढून टाकला. एकदा जाऊन बघून येते म्हटलं, तर वरिष्ठ हसले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? आकडे जुळलेत ना!" ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे मलाही ते चटकन पटलं.

त्या मॉडेलवरून पुराचा नकाशा निघाला. पुलाखालच्या वस्तीतली दोन खोल्यांची शाळा त्यात कोरडी दिसत होती. तोवर पूर आला की वस्तीतली माणसं म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन डोंगरातल्या देवळात चढायची. नकाशा आल्यावर शाळाच निवारा ठरली. जवळ होती, पक्की होती, सगळे खूश झाले.

पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पर्जन्यमापक बसवायला गेले, तेव्हा पुलाच्या खांबावरची पाणी मोजायची पट्टी रोज वाचून नोंदवहीत लिहिणारे काका मला पहिल्यांदा भेटले. साठीचे, पुलाखालच्या त्याच वस्तीतले, घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीतली मासेमारी. गेली वीस-बावीस वर्षं त्यांनी एक दिवस खाडा केला नव्हता. सकाळी आठला ते माझ्यासमोर वाकून पट्टी बघायला लागले. मलाही दिसत होतं, दोन मीटर दहा. मग त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, एक मीटर चाळीस.

"काका, दोन दहा आहे की!"

"व्हय. पन त्यातलं सत्तर दर्याचं हाय. आज एकादशी, भरती आत्ताच भरलीय. पयल्या साहेबांनी सांगितलेलं, फकस्त नदीचं पानी लिवायचं. दर्याचं पानी नदीच्या नावावर कसं घालू?"

माझी पाचावर धारण बसली. त्यांनी समुद्र वहीतून काढला होता, मी मॉडेलमधून. म्हणूनच आम्ही दोघं इतके जुळलो होतो. झाकून ठेवलेल्या वर्षांवरची परीक्षाही त्यांच्याच आकड्यांवर झाली होती. शाळेत मात्र नदी आणि दर्या एकदमच शिरणार होते.

यापुढे पट्टीवर दिसेल तेच लिहा, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी एवढी वर्सं मी चुकीचं लिवलं?" मी म्हटलं, छे छे, आता पद्धत बदललीय. नकाशा चुकलाय हे काही माझ्याच्यानं बोलवेना. कार्यालयाला पत्र लिहिलं. व्हॅलिडेशन झालेला नकाशा ऐन हंगामात बदलता येत नाही, पावसाळ्यानंतर पाहू, असं उत्तर आलं. मी मूग गिळून बसले. उपासतापास न करणारी मी, रोज पंचांग उघडून उधाणाची अमावास्या किती दिवसांवर आली ते बघायला लागले.

ती आली ती आदल्या दिवसापासून कोसळणारा पाऊस घेऊनच. सकाळी दहाला मी काकांना फोन लावला.

"आमी सगळी शाळेतच हाव, ताई. काळजी नको."

"पाणी किती आहे?"

"तीन मीटर साठ."

माझ्या मॉडेलनं तीन पंचावन्न सांगितलं होतं. सांगायला शरम वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. मग विचारलं, "वजा करून?"

"व्हय. दिसंल तेच लिवा म्हनला व्हता, पन आता दिसायलाच काय न्हाय. पट्टी कवाच बुडाली. शाळेच्या पायरीवरनं जुन्या सवयीनं हिसाब केला. तिसऱ्या पायरीला पानी हाय."

"एकूण पायऱ्या किती?"

"पाच."

भरती पुरी भरायला अजून दोन तासांहून जास्त अवकाश होता.

"काका, निघा. देवळात चढा सगळे."

"एवढ्या पावसात? म्हातारी मानसं हायत. नकाशात शाळा कोरडी हाय ना?"

"नकाशा चुकलाय. माझ्यामुळे चुकलाय. मला जूनपासून माहीत आहे."

पलीकडे त्यांनी ओरडून सगळ्यांना उठायला सांगितलं. मग ते म्हणाले, "आदी का न्हाय सांगितलंत?" आणि फोन बंद झाला.

तो पुन्हा लागेपर्यंत सव्वादोन वाजले. तोवर मी काय केलं ते मला आठवत नाही. सगळे वर पोचले होते. शाळेत पाणी फळ्याला लागलं होतं. म्हाताऱ्यांना कसं चढवलंत, विचारलं, तर "ठेवतो, म्याडम," एवढंच म्हणाले. त्याआधी ते मला कधी मॅडम म्हणाले नव्हते.

नकाशा अजून लागू आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलाय म्हणतात. त्याच खाडीकाठी मी कोरड्या रंगवलेल्या आणखी वस्त्या आहेत, परवा पौर्णिमा आहे, आणि तिथल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नाही.