लेडीज चॉइस

दुपारी सुगंधाबाई आडव्या होतात, तेव्हा नातीने शिकवलेली पावलं अजून डोक्यात फिरत असतात. संध्याकाळी नाओमी त्यांना पंचाहत्तरीनिमित्त पुण्यातल्या एका क्लबात नेणार आहे. "आजी, तिथे हात पसरायलाही जागा नसते. तुझा तो जुना, उड्या मारत करायचा जाईव्ह नाच विसर. थोडा सालसा, थोडा बचाटा, आणि कंबर सैल सोड." सुगंधाबाईंनी सगळं शिकून घेतलंय. पण नाचायचं नाही, कोपऱ्यात बसून लिंबू सोडा प्यायचा, हेही मनाशी पक्कं केलंय.

पंखा घरघरतो. घरघरीचा ताल होतो आणि खाटेच्या जागी भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल असतो. पावलं सरकावीत म्हणून लाकडी जमिनीवर कॅरमची पावडर भुरभुरलेली. भिंतीलगतच्या खुर्चीवर रूबेन बसलेत. नऊ वर्षांपूर्वी गेलेला नवरा, लग्नातल्या कोटात, अनवाणी.

"अहो, बसलात काय?"

"तू मला नाचायला उठवलंस कुठे? लेडीज चॉइस पुकारला होता ना?"

सुगंधाबाईंना आठवतं. एकोणीसशे एकाहत्तरचा नाताळ. बायकांनी जोडीदार निवडायचा आणि पुरुषाने नाही म्हणायचं नाही, असा तो एकच नाच. त्यांनी नवऱ्याला सोडून इंजिन ड्रायव्हर डिमेलोला हात दिला होता, कारण जाईव्ह करावा तर त्यानेच. त्यानंतर रूबेन कधी नाचले नाहीत. मग त्याही नाचल्या नाहीत.

"चुकलंच माझं."

"चुकलं? अगं, सुटलो मी! कोट माझा, पण बूट मामेभावाचे. एक नंबर लहान! देवाला म्हणत होतो, हिला दुसरा कुणी दिसू दे."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तुझं अख्खं माहेर होतं तिथे. उसने बूट म्हणून सांगू?"

"नंतर तरी नाचायचं होतंत!"

"वाट बघत होतो. उठवायची पाळी तुझी होती."

सुगंधाबाईंना आधी राग येतो, मग हसू. इतकं हसू, की छातीतलं काहीतरी मोकळं होतं. त्या हात पुढे करतात. "चला. लेडीज चॉइस."

हॉलचा फलाट झालाय. खांबांवर निळे-जांभळे दिवे फिरताहेत, भोंग्यावर नागपूर पॅसेंजर उशिरा येत असल्याचं कुणीतरी सांगतंय. त्या सालसा शिकवतात. रूबेन दोनदा त्यांच्या पायावर पाय देतात.

"क्लबात मी कुणाला उठवू हो?"

"ज्याला वाटेल त्याला. फक्त बूट तुझे स्वतःचे घाल."

"आजी, पाच वाजले!" नाओमी दारात उभी असते. "आणि हे काय? पायांना काय लागलंय?"

सुगंधाबाई पाय वर घेऊन बघतात. दोन्ही तळव्यांना पांढरी, मऊ पावडर. घरात कॅरम कधीच नव्हता.

"पुसू नकोस," त्या म्हणतात. "माझे काळे बूट काढ."