मामीचे गुद्दे

जऊळक्याच्या माझ्या मामीइतके गुद्दे उभ्या वाशीम जिल्ह्यात कोणत्याही बाईने मारले नसतील, आणि त्या गुद्द्यांनी आजवर कोणाला साधा ओरखडाही उठलेला नाही. सकाळी वांग्याच्या वाफ्यांना पाणी देऊन आली की ती पदर कमरेला खोचते, मामांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या हातांना गुंडाळते आणि टीव्हीसमोर उभी राहून हवेला बदडायला लागते. घरच्या घरी करायच्या बॉक्सिंगच्या व्यायामाचे हे व्हिडिओ पुण्याच्या लेकीने मामीच्या शुगरसाठी लावून दिलेले. त्यात एक धिप्पाड पोरगा हिंदीतून ओरडत असतो. तो परका पुरुष म्हणून सुरुवातीला मामी डोक्यावरचा पदर सावरत गुद्दे मारायची. पुढे त्याला घरचाच मानला. त्याने ‘थक गए क्या?’ विचारलं की ‘नाही बाप्पा, तू सांग पुढचं’ असं उत्तर ती अगदी मनापासून देते. बोलणाऱ्याला मध्येच थांबवणं तिच्या हिशेबी उद्धटपणा, त्यामुळे व्हिडिओ चालू असताना दूध उतू गेलं तरी ती जाऊ देते आणि भाजी न्यायला आलेला व्यापारी अंगणात ताटकळतो.

त्याच खोलीत मामांची खाट होती. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभही जड झाली होती. हात हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कोणी हाताला हात लावला की मामा भिंतीकडे तोंड फिरवत. मामीने समजावलं, भांडून पाहिलं, शेवटी नाद सोडला. गुद्द्यांचा दणदणाट सुरू झाल्यावर मात्र मामा हळूहळू या कुशीवर वळून बघायला लागले.

एका सकाळी मी तिथेच चहा घेत बसलो होतो. पोरगा ओरडला उजवा, मामीने मारला डावा. खाटेवरून आवाज आला, ‘उज...वा. उजवा वं.’ कित्येक महिन्यांत मामांच्या तोंडून निघालेला तो पहिला धड शब्द होता. मामी वळली नाही. तिने पुन्हा डावाच मारला आणि टीव्हीकडे बघतच म्हणाली, ‘मले नाही समजत. कोनता उजवा थे तुमी दाखवा.’

मामा चिडले. चिडून त्यांनी जोर लावला, आणि चादरीवर पडलेला उजवा हात जेमतेम बोटभर वर आला.

आयुष्यात कधी स्वतःची चूक कबूल न केलेली माझी मामी त्या दिवसापासून रोज चुकायला लागली. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी उगाच उकिडवी बसून. मामा खाटेवरून तिला रागवत राहिले आणि दाखवत राहिले.

आता मामा काठी टेकत रोज सकाळी गावच्या रेल्वे स्टेशनवर जातात आणि जुन्या दोस्तांसोबत बाकावर गप्पा मारत बसतात. मामीचा व्यायाम चालूच आहे. मागच्या खेपेला पाहिलं, तिचा एकही गुद्दा चुकत नव्हता. मी तसं म्हणालो.

‘चुकली त दाखवाले कोन हाये घरी?’ ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग हातांच्या पट्ट्या सोडत ती दारात गेली आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.