बॉसच्या आत्याकडचं जेवण

माशाच्या वासानं मला कधी मळमळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. माझं माहेर मालवणचं. पण ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका डॅनिश इनमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, जेवायला बसले. ते जेवण आठवलं की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीआधी सुटतं तसलं.

आम्ही तेव्हा ॲरिझोनात चँडलरला राहत होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता आणि आमच्या ग्रीन कार्डची फाइल कंपनीकडे होती. निदान नवऱ्याच्या मते ती बॉसच्या मर्जीवर चालत होती. बॉस उंच, गुलाबी, मोठमोठ्यानं बोलणारा माणूस. त्याचे आजी-आजोबा डेन्मार्कहून येऊन समुद्राजवळच्या एका खोऱ्यात वसले होते आणि त्यांनी काढलेली इन आता त्याची आत्या चालवत होती. त्या जूनमध्ये कंपनीचं काम कॅलिफोर्नियात निघालं तेव्हा बॉस म्हणाला, "बायकोलाही आण. शनिवारी दुपारी आत्याकडे जेवू. खरं डॅनिश जेवण!"

ड्राइव्ह करताना नवरा मला दोनदा म्हणाला, "हे बघ, जे वाढतील ते खायचं. तोंड वाकडं करायचं नाही."

"मी कशाला करू? समुद्राजवळ आहे, मासे असतील. तुझंच काय ते बघ."

तो पुण्याच्या शुद्ध शाकाहारी घरातला. अमेरिकेत येऊन त्याची मजल चिकनपर्यंत गेली होती, तीही डोळे मिटून. आमच्या घरी मात्र दोन वर्षं मासा शिजला नव्हता. सुरुवातीला एकदा मी बांगडे तळले होते. त्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ॲरिझोनाच्या त्या भट्टीत दोन तास बाहेर जाऊन बसला. शेजारीणही वास कसला म्हणून विचारून गेली. त्यानंतर मी बंदच केलं. कुढत नव्हे. आमचं लव्ह मॅरेज. माझ्यासाठी तो आई-वडिलांशी भांडला होता, त्यापुढे बांगडे ते काय! पण त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मला भूक लागली होती, हे खरं.

इन बाहेरून छान होती. उतरतं छप्पर, काळी लाकडं, पांढऱ्या भिंती, दाराशी फुलांची झुडपं. समुद्राकडून धुकं येत होतं. आत गेलो आणि वास आला. व्हिनेगर, धूर, नासलेलं दूध आणि या सगळ्यांवर पेटत्या मेणबत्त्यांचा वास. भर दुपारी मेणबत्त्या. खोली इतकी बुटकी की तो वास वर जायलाही जागा नव्हती.

आत्या सत्तरीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, लाल हात. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बॉस आणि त्याची बायको आधीच येऊन बसले होते. आम्ही चौघं टेबलाशी बसलो आणि आत्या एकेक ताटली आणू लागल्या.

पहिल्यांदा मासा. हेरिंग नावाचा. निळसर करड्या कातडीसकट तुकडे, पातळ गुळचट रसात बुडवलेले, वर कांद्याच्या चकत्या. शिजवलेला नाही, तळलेला नाही, मुरवलेला. मी आनंदानं मोठा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. मासा गोड होता! मिठाई गोड असते तसा गोड. शिकरणात कच्चा बांगडा कालवला तर कसा लागेल, तसा. दात लागले की तो तुटत नव्हता, नुसता सरकत होता. मी गिळला आणि तो घशात थोडा वेळ थांबला.

"हा तुमच्यासाठी खास," म्हणत आत्यांनी दुसरा वाडगा माझ्यापुढे ठेवला. "यात करी घातली आहे. आम्ही नेहमी करतो, पण आज जरा जास्त घातली."

पिवळ्या मेयोनीजमध्ये तोच गोड मासा, आणि त्यावर डब्यातल्या जुन्या करी पावडरचा कच्चा वास. मी खाल्लं. आत्या समोर उभ्या होत्या, न खाऊन करते काय?

मग काळ्या पावाच्या चकत्या आल्या. मला वाटलं सोबत लोणी आहे, म्हणून जाडसर लावलं. ती डुकराची चरबी होती, हे बॉसच्या बायकोनं माझे दोन घास खाऊन झाल्यावर सांगितलं. टाळूला मेणासारखा थर बसला, पाणी पिऊनही जाईना. मग धुरावलेली वाम आली. वाम आमच्याकडेही खातात, पण तिखटात, गरम. ही गार, तेलकट, थंड अंड्यावर आडवी पडलेली. प्रत्येक पदार्थाआधी शहाजिऱ्याच्या वासाची दारू छोट्या ग्लासात यायची. बॉस "स्कोल!" म्हणायचा, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून प्यायचं.

मी मळमळ दाबत बसले होते आणि माझा नवरा खात होता. ज्याला बांगड्याच्या वासानं घर सोडावंसं वाटलं तो हेरिंग दोनदा मागून घेत होता. "वंडरफुल! सो फ्रेश!" त्याच्या कपाळावर घाम होता, प्रत्येक घासाला गळ्याची घाटी जोरात वर-खाली होत होती, आणि तोंडावर हसू. मला त्या माशाइतकीच त्या हसण्याची शिसारी आली.

आत्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे मासे खातात का?"

मी तोंड उघडायच्या आत नवराच बोलला. "अहो, ही कोळ्यांच्या गावातली! हिनं मासे तळले की अख्ख्या बिल्डिंगला वास. शेजारी तक्रार घेऊन आले. शेवटी मीच बॅन केलं!"

बॉस टेबलावर थाप मारून हसला. त्याची बायको हसली. आणि मीही हसले. खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्तच हसले. शेजारीण फक्त विचारून गेली होती, तक्रार केली नव्हती, हेही मी बोलले नाही.

मग मी बाथरूमला म्हणून उठले. तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली, चरबीचा थर तसाच. परत येताना स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं. आत्या लाकडी फळीवर लालभडक मांस सुरीनं खरवडत होत्या. मला बघून कौतुकानं म्हणाल्या, "बीफ. आज सकाळचं. मशीनमध्ये घालायचं नाही, हातानंच करायचं. आणि शिजवायचं तर मुळीच नाही!" शेजारी अंड्याच्या अर्ध्या कवचांत कच्चे पिवळे बलक मांडून ठेवले होते.

मी जागेवर येऊन बसले. थोड्या वेळानं ते आलं. पावावर लाल बारीक गोळा, बाजूला कांदा, व्हिनेगरमधलं चिरलेलं बीट, मधोमध बलक. बॉस बायकोशी काहीतरी बोलत होता. नवरा माझ्याकडे झुकला आणि हळूच मराठीत म्हणाला, "हे काय आहे गं? बीट का?"

"बीटच आहे," मी म्हणाले.

बोलताना माझा आवाज अगदी साधा होता. मी सूड घेतेय असं तेव्हा मला वाटलंच नाही. एवढंच वाटलं की खा, तुला सगळंच वंडरफुल लागतंय ना, मग हेही खा.

त्यानं बॉसचं बघून बलक कालवला आणि पहिला घास घेतला. चावताना क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ताटलीतलं बीट काट्यानं इकडून तिकडे करत होते. त्यानं घास गिळला. अर्धा पाव संपवला.

"मानलं तुला!" बॉस म्हणाला. "माझ्या टीममधले बाकीचे इंडियन बीफ शिजवलेलंही खात नाहीत. आणि तू कच्चं!"

नवऱ्याचा काटा ताटलीवर वाजला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "एक्सक्यूज मी," म्हणाला आणि बाहेर गेला.

मी मागोमाग गेले तेव्हा तो दारापुढच्या झुडपांवर वाकला होता. सगळं येत होतं, गोड मासे, करी, चरबी, लाल. वास माझ्यापर्यंत आला. मी पुढे होऊन त्याचं कपाळ धरायला हवं होतं. आई धरायची तसं. मी उभीच राहिले.

पुढे झाल्या त्या आत्या. ओला टॉवेल आणि पाणी घेऊन आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा "सॉरी" म्हणत राहिल्या. "हेरिंग सगळ्यांना सोसत नाही. माझंच चुकलं, मी जास्त वाढलं." त्यांची फुलं खराब झाली होती त्याचं त्यांना काही नव्हतं. त्या लाल हातांकडे बघताना मला पहिल्यांदा माझी स्वतःची किळस आली.

आम्ही मोटेलवर परतलो. आल्यावर त्यानं आंघोळ केली, बाहेर आला, आणि पुन्हा आत जाऊन दुसऱ्यांदा केली. मी पलंगाच्या कडेला बसून होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी तुला विचारलं होतं गं."

"तू माझ्यावर सगळ्यांना हसवलंस."

"तू पण हसलीस की."

"हो, हसले."

दुसऱ्या दिवशी परतताना वाळवंटात एका पेट्रोल पंपावर मी सॉरी म्हणाले. त्यानं मान हलवली आणि काच पुसत राहिला. दोन-अडीच महिने आम्ही सगळं नीट बोलत होतो, बिलं, भाजी, गावचे फोन, आणि त्यापलीकडे काहीच नाही. एका रविवारी मात्र तो आपणहून म्हणाला, "मी तिथे जे काही बोललो ना, ते बॉसला हसवायला. लाज वाटते मला." मला रडू आलं. त्यालाही आलं. तेव्हा कुठे आम्ही एकमेकांना हात लावला.

पुढच्या वर्षी बॉसनं परत विचारलं, आत्याकडे चलता का म्हणून. नवरा घरी येऊन मला सांगत होता. "मी स्पष्ट सांगितलं, तिथे नको. आम्हाला ते जेवण अजिबात आवडलं नव्हतं."

मी घाबरले. "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, अरे, मलाही त्यातलं निम्मं आवडत नाही, आत्यासाठी खातो. मेक्सिकन खाऊ या."

आणि खरंच, त्याच शुक्रवारी आम्ही चौघं चँडलरमध्येच एका मेक्सिकन हॉटेलात राजमा आणि भात खाऊन आलो. ग्रीन कार्ड यायचं तेव्हा आलं. नंतर कळलं की बॉसची त्या कागदांवर सहीसुद्धा लागत नव्हती. फाइल भलत्याच कुणाच्या टेबलावर होती.