नैरोबीतल्या मधल्या खोलीचं भाडं

मी अंधेरीतल्या एका सरकारी कार्यालयात हिशेबाचं काम बघते. आमच्या व्यापार खात्याचं नैरोबीत एक ऑफिस आहे. तिथली माणसं कमी झाली, जागा आम्हाला मोठी पडायला लागली, म्हणून सरकारच्याच दुसऱ्या खात्याला, पर्यटनवाल्यांना, आम्ही तिथे बसायला दिलं. मग भाड्यात कुणी किती वाटा उचलायचा हा प्रश्न निघाला आणि तो माझ्या टेबलावर येऊन बसला.

समोरच्या खात्यातर्फे बोरिवलीच्या ऑफिसातल्या एक बाई लिहायच्या. आमची ओळख फक्त ईमेलवरची, तीही फार गोड नव्हती. खोल्यांचा वाद नव्हता. ज्याची जेवढी जागा, तेवढं भाडं. भांडण होतं मधल्या 'अभ्यागत कक्षा'वरून. त्यांचं म्हणणं, तिथे तुमचेच व्यापारी येऊन बसतात, तुम्हीच भरा. आमचं म्हणणं, मग तुमचे पर्यटक काय उभे राहतात? अर्थात हे सगळं 'उपरोक्त संदर्भाधीन पत्रास अनुसरून' अशा भाषेत. घरी नवरा विचारायचा, "काय, नैरोबीचं युद्ध कुठवर आलं?"

शेवटी साहेब वैतागले. "समोरासमोर बसा आणि मिटवा एकदाचं."

मी मनात एक जाडजूड, आठ्या घातलेली बाई धरून चालले होते. आली ती माझ्याच वयाची, स्कूटरचं हेल्मेट हातात घेऊन. बसायच्या आधीच म्हणाली, "पहिला चहा सांगा मॅडम. भांडू नंतर."

चहा झाला, त्या ऑफिसचा नकाशा पसरला आणि आम्ही खरंच भांडलो. ती आवाज चढवायची, मी फाईल आपटायची. मधेच ती थांबली.

"मॅडम, तुम्ही बघितलीय का ही खोली?"

"नाही. तुम्ही?"

"मी कुठली? माझा तर पासपोर्टच नाही."

"माझा आहे, पण कोरा."

दोघींनाही हसू आलं. मी म्हटलं, बघूया तरी, आणि आमच्या तिथल्या अधिकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे चहाची वेळ, त्यांच्याकडे जेवणाची. त्यानं तोंडात घास असतानाच फोन उचलला. त्याच्या मागे एक लांबलचक टेबल दिसत होतं आणि भोवती दोन्ही खात्यांची माणसं पंगतीला बसावीत तशी बसली होती. तिच्या खात्यातली बाई आमच्या माणसाच्या ताटात भात वाढत होती.

"ही कुठली खोली?" मी विचारलं.

"अभ्यागत कक्ष, मॅडम."

"आणि नकाशात मधे प्लायवुडचं पार्टिशन आहे, ते कुठं गेलं?"

तो जरा घुटमळला. मग फोन खाली करून टेबलाची चादर उचलली. पार्टिशन काढून त्यांनी दोन बुटक्या कपाटांवर आडवं टाकलं होतं. त्याच्यावरच सगळ्यांची ताटं होती.

"अभ्यागतपण आहेत," तो घाईनं म्हणाला आणि फोन फिरवला. टेबलाच्या टोकाला एक तिथले व्यापारी बसले होते. त्यांनी हातातला लाडू उंचावून आम्हाला दाखवला.

माझ्या शेजारी ती हसून हसून टेबलावर आडवी झाली होती. "अगं, आपण इथे वाटणीवरून भांडतोय आणि ते पार्टिशनवर जेवतायत!"

तिचं ते 'अगं' ऐकून मला इतकं बरं वाटलं! फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अर्धं-अर्धं?"

"अर्धं-अर्धं. पण विजेचं बिल तुझ्याकडे. तो इलेक्ट्रिक कुकर तुमच्या माणसाचा दिसला."

"आणि भात कोण वाढत होतं?"

"बरं बाई, तेही अर्धं!"

कागदावर आम्ही त्या खोलीचं नाव बदलून 'सामायिक कक्ष' केलं. एवढ्या लवकर कसं मिटलं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "स्थळपाहणी केली, सर." दोन्ही खात्यांनी मंजुरी दिली.

त्यानंतरच्या रविवारी तिनं मला खारदांड्याला घरी जेवायला बोलावलं. तिची आई मासळी विकते. आमचं घर मूळचं जालन्याकडचं. लहानपणी मासे म्हणजे सुकट, फार तर सुके बोंबील. ताटातल्या ताज्या माशाचे काटे मला काढता येईनात, तेव्हा तिची आई हसत शेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटातले काटे स्वतः काढून द्यायला लागली. नको नको म्हणत मी तीन तुकड्या खाल्ल्या. कांदिवलीला घरी पोचेपर्यंत मैत्रिणीचे दोन मेसेज आले होते. दोन्हींत कामाचं काहीच नव्हतं.