काळजीचा कागद

पेणपासून रोह्यापर्यंत आजारी नसलेली माणसं पुष्कळ सापडतील, पण एकही आजार नसताना सगळ्या आजारांची औषधं वेळच्या वेळी घेणारे गृहस्थ मी एकच पाहिले. ते म्हणजे आमचे सर. पेणच्या एका धर्मादाय इस्पितळात ते औषध विभागाचे प्रमुख होते, आणि नव्वदच्या दशकात फार्मसीची पदविका घेऊन मी तिथे शिकाऊ म्हणून लागले. विभाग म्हणजे जाळीची एक खिडकी, काही कपाटं आणि सर. इतर ठिकाणच्या शिकाऊ मुली गोळ्या मोजायच्या, पुड्या बांधायच्या आणि सुखाने घरी जायच्या. आमच्या सरांनी मात्र कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं, की तिकडचे औषधवाले वॉर्डात जाऊन रोग्याशी बोलतात आणि त्याच्या औषधांची योजना लिहून डॉक्टरांपुढे ठेवतात. झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे केअर प्लॅन सुरू झाला. सर त्याला काळजीचा कागद म्हणत, आणि तो मनासारखा होईपर्यंत आमच्या जिवाला घोर लावत.

कागदावर चारच प्रश्न असत. या माणसाला त्रास काय, त्याला हवंय काय, आपण करणार काय, आणि जमलं हे कळणार कसं. दिसायला सोपे, पण दुसऱ्या प्रश्नापुढे 'रक्तदाब आटोक्यात आणणे' असं लिहिलं की सर चष्म्यावरून बघत. "असं तो बोलला तुला?" मग परत वॉर्डात जायचं. तिथे कळायचं की मिठागरावरच्या त्या आजोबांना रक्तदाबाचं सोयरसुतक नाही, त्यांना चक्कर न येता बांधावरून चालायचं आहे. तेच कागदावर उतरवायचं. आणि त्याहून कडक नियम असा, की जो कागद लिहील त्याने रोग्याच्या गोळ्यांच्या वेळा स्वतः पाळायच्या. गोळीऐवजी पेपरमिंट, एवढीच सवलत. सर स्वतः तर वॉर्डातल्या प्रत्येकाच्या वेळा पाळत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना कुणाच्या तरी गोळीची आठवण झाली, तेव्हा पेपरमिंट नवरानवरीच्या अंगावर गेली आणि अक्षता सरांच्या तोंडात. त्यांनी त्या शांतपणे चावून खाल्ल्या.

आम्ही दोघंही रोह्याचे, त्यामुळे सकाळची गाडी एकच. रोहा सुटलं की सर एकेका औषधाचं नाव घेत आणि मी त्याचे दुष्परिणाम म्हणत जायचे. मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, छातीत धडधड, हातांना कंप. कासू आलं तरी यादी संपत नसे. कासूला चढणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींनी काही दिवस हे निमूट ऐकलं आणि शेवटी सरांना विचारलं, "मास्तर, पोरीला एवढं झालंय तर तिला कामाला कशाला नेता?" सर म्हणाले, "तिला काय नाय झालं. लोकांना होऊ नये म्हणून शिकते हाय." मावशींचा विश्वास बसला नाही. त्या मला रोज एक काकडी देऊ लागल्या.

हमरापूरचे एक काका दम्याने भरती झाले ते गणपतीच्या ऐन हंगामात. मूर्ती रंगवणारे हात तिथे घरोघरी, पण डोळ्यांची आखणी जमणारा हात एखादाच, आणि त्यांच्या कारखान्यात तो काकांचा होता. डोळे आखल्याशिवाय मूर्ती बाहेर पडत नाही. काकी उशाशी बसून मला म्हणाल्या, "मूर्त्या रांगेनं आंधळ्या बसल्यात गो. गिऱ्हाइकांना काय सांगू?" दम्याच्या गोळ्या घरात होत्या, पण काका त्या घेत नव्हते. का, विचारलं तर "विसरतो" एवढंच.

त्यांचा कागद माझ्या वाट्याला आला. मी सुबक अक्षरात लिहिलं, 'गोळ्या नियमित घेण्याचं महत्त्व समजावून सांगणे.' सरांनी वाचलं आणि पेपरमिंटची पुडी माझ्यापुढे सरकवली. "त्यांच्या वेळेला तूपण घे आनि बाजूला बस. आता लिहायचं नाय, बघायचं." बसले. गोळीआधी काका चहाचा कप एका हाताने उचलत. गोळीनंतर थोड्या वेळाने तोच कप ते दोन्ही हातांनी धरत, आणि तरी चहा बशीत सांडे. हातांना कंप हे शब्द मी कासूपर्यंत किती वेळा म्हटले होते, पण तो कंप असा बशीत सांडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. धावत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी काकींकडून काकांचा ब्रश मागवला आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून काकांपुढे धरला. गोळीआधी काकांनी डोळा काढला, तो आमच्याकडे बघत होता. गोळीनंतर काढला, त्याची पापणी नागमोडी गेली.

काकांनी ब्रश खाली ठेवला. "दम लागला तर मी एकटा सोसतो, मास्तर. हात हलला तर देवाचा डोळा वाकडा होतो. म्हनून बंद केल्या."

सरांनी तो पुठ्ठा माझ्या हातात दिला. मग मला म्हणाले, "आता लिही."

मी लिहिलं. त्रास, गोळीने हात कापतो. हवी आहे ती सरळ रेघ. उपाय, तेच औषध पंपातून, म्हणजे थोडंसंच लागेल, थेट छातीत जाईल आणि हाताला फारसं जाणवणार नाही. जमलं हे कळणार कसं, याखाली मी श्वासाची मोजणी वगैरे लिहिलं, तर सरांनी शेवटी आणखी एक ओळ घालायला लावली, 'गणपतीचा डोळा बघून.' तोवर आमचे कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर पेपरवेटखाली सुखात राहत. या वेळी सर कागद घेऊन राउंडलाच आडवे उभे राहिले. डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. "हे कोणी लिहिलं?" सर म्हणाले, "आमच्या पोरीनं." आणि वर्षानुवर्षं उघडं असलेलं कोटाचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं. डॉक्टरांनी पेन काढून गोळी खोडली आणि पंप लिहिला. इतका अभिमान मला पदविकेच्या दिवशीही वाटला नव्हता. सरांनी त्या दुपारी खिडकीवर येईल त्याला पेपरमिंट वाटली.

पण काकांनी पंप पाहून तोंड फिरवलं. "पंप लागला म्हंजे मानूस आटपला." झालं, सरांनी एक रिकामा पंप खिशात टाकला आणि पेणच्या बाजारात, एसटी स्टँडवर, हमरापूरच्या कारखान्यांतून तो चारचौघांत ओढत फिरू लागले. रोह्याला त्यांच्या घरी शेजाऱ्यांनी अडुळशाचे ढीग आणून टाकले. गाडीत लोक त्यांना खिडकीची जागा देऊ लागले, आणि सर ती घेत. शेवटी काका लाजेकाजेस्तव तयार झाले, पण औषध ओढलं की ते लगेच बाहेर सोडून देत. सरांनी विचारलं, "रेघ मारताना श्वासाचं काय करता?"

"धरतो. नायतर हात हलतो."

"मग पंप ओढला की तेवढाच धरा."

काकांनी धरला. पुढे इतर रोग्यांना हे शिकवायला आम्हाला दिवसच्या दिवस लागले, काकांना पुन्हा सांगावं लागलं नाही. त्या वर्षी हमरापूरहून त्यांच्या मूर्ती वेळेवर निघाल्या, डोळ्यांसकट.

सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या खिडकीत बसू लागले. दरवर्षी त्यांचा गणपती काकांकडून रोह्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. दारात मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढला की सर हात जोडायच्या आधी चष्मा वर करून डोळे बघत. "रेघ सरळ हाय. औषध चालू हाय," म्हणत आणि मगच ओवाळायला सांगत.

दशक सरता सरता सरांची नजर अधू झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरं औषध लागलं, डोळ्यात घालायचं, आणि त्याचा कागद अर्थातच मी लिहिला. त्या वर्षी मूर्ती दारात आली, मी रुमाल काढला. सर बराच वेळ पुढे वाकून उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"मला नाय दिसत गो. तू बघ आनि सांग. कागद तुझा हाय."

मी श्वास धरून बघितलं.

"सरळ आहे, सर."

"मग घे आत," सर म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.